आपल्याच भारावर उभे किल्ले

बर्लिनच्या नैर्ऋत्येला लिख्टरफेल्डे नावाचं जुनं उपनगर आहे. दाट झाडीचे शांत रस्ते, दोन्ही बाजूंना टुमदार बंगले. चालता चालता त्या बंगल्यांच्या रांगेत एकदम एक किल्ला समोर येतो. कोपऱ्यावर बुरूज, बुरुजाच्या माथ्यावर चऱ्या, जंग्यांची आठवण करून देणाऱ्या अरुंद खिडक्या. आकार मात्र एका कुटुंबाला पुरेल एवढाच. थोडं पुढे गेलं की दुसरा, आणखी एका वळणावर तिसरा. १८९०च्या दशकात गुस्टाफ लिलिएनथाल या वास्तुकाराने मध्यमवर्गीयांसाठी बांधलेली ही घरं. बाहेरून गढी, आत नीट आखलेल्या खोल्या, ऊब टिकावी म्हणून भिंतींच्या पोटात ठेवलेली हवेची पोकळी. त्यांतलंच मार्टाश्ट्रास या रस्त्यावरचं एक घर त्याने स्वतःसाठी बांधलं.

किल्ला रचण्याची ही गुस्टाफची पहिली वेळ नव्हती. त्याच्या कितीतरी आधी त्याने आणि त्याच्या थोरल्या भावाने मिळून किल्ल्यांचे दगडच तयार केले होते. चिमटीत मावतील एवढे, पण खऱ्या दगडासारखे जड, गार आणि किंचित खरखरीत. तो थोरला भाऊ म्हणजे ओटो लिलिएनथाल. पाठीवर पंख बांधून टेकडीवरून वाऱ्यात झेपावणारा माणूस म्हणून जग त्याला ओळखतं. ज्यांनी आयुष्यभर जमीन सोडून वर जायचा ध्यास घेतला, त्यांनीच पोरांच्या हातात इतकं वजनदार खेळणं द्यावं, याचं मला फार नवल वाटतं. आणि उड्डाणाच्या इतिहासात या दगडांना जेमतेम एखादी ओळ मिळते, याची खंतही वाटते.

ओटोचा जन्म १८४८चा, गुस्टाफचा १८४९चा, बाल्टिक समुद्राजवळच्या आन्क्लाम या गावातला. गावाभोवती कुरणं होती आणि कुरणांत करकोचे उतरत. ते वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने चार ढांगा टाकून वर कसे उचलले जातात, हे दोघे भाऊ तासन् तास बघत बसत. १८६१ मध्ये सगळं कुटुंब अमेरिकेला जायच्या बेतात असताना वडील वारले, आणि आईने मुलांना तिथेच वाढवलं. ओटो यंत्रं शिकला. गुस्टाफ आधी गवंडीकाम शिकला, मग बर्लिनच्या बांधकाम विद्यालयात गेला. थापी हातात धरलेल्या माणसाला वीट कशी बसते हे पुस्तकातून कळावं लागत नाही. पुढे जे घडलं त्यात या गवंडीकामाचा वाटा मोठा आहे.

गुस्टाफला आणखी एक ओढ होती, ती फ्रोबेलच्या शिक्षणविचाराची. फ्रीड्रिश फ्रोबेल हा थुरिंगियाच्या डोंगराळ भागातला शिक्षक. १८४०मध्ये त्याने आपल्या बालशाळेला ‘किंडरगार्टन’ हे नाव दिलं, आणि ते नाव जगभर गेलं. मूल हाताने विचार करतं, हे त्याने ओळखलं होतं. त्याने मुलांसाठी खेळण्यांची एक मालिका तयार केली आणि त्या खेळण्यांना ‘देणगी’ म्हटलं. तिसऱ्या देणगीत आठ लहान ठोकळ्यांचा मिळून एक मोठा ठोकळा होतो, चौथीत विटांच्या आकाराचे आठ तुकडे. एक शिस्त मात्र पक्की होती. खोक्यातून ठोकळा अखंड बाहेर यायचा आणि खेळ संपल्यावर अखंडच परत आत जायचा. मधल्या वेळात त्याची खुर्ची होवो, पूल होवो, देऊळ होवो.

प्रशियाच्या सरकारला या बालशाळांचीही धास्ती वाटली. १८५१ मध्ये त्यांच्यावर बंदी आली, पुढच्याच वर्षी फ्रोबेल गेला आणि १८६० मध्ये बंदी उठली. तोवर लाकडी ठोकळे समुद्रापार पोचायला लागलेच होते. अमेरिकन वास्तुकार फ्रँक लॉइड राइटच्या आईने १८७६ च्या फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनात ते पाहिले आणि मुलासाठी आणले. त्या गुळगुळीत ठोकळ्यांचा स्पर्श आपल्या बोटांतून कधी गेला नाही, असं तो म्हातारपणीही सांगत असे.

पण लाकडात एक उणीव होती, आणि ती गवंड्याच्याच लक्षात यावी अशी होती. लाकूड हलकं असतं आणि घासलेलं लाकूड सरकतं. चार थर चढवले की पाचव्याला कोपर लागतो आणि सगळं खाली येतं. हवा दमट झाली की ठोकळा फुगतो, कोरडी झाली की आकसतो, आणि मग दहा ठोकळ्यांची उंची दहा ठोकळ्यांशी जुळत नाही. खरी भिंत उभी राहते ती दगडाच्या भारामुळे आणि पृष्ठभागाच्या खरखरीतपणामुळे. ते दोन्ही गुण खेळण्यात आणायचे, तर खेळणं दगडाचंच हवं.

१८७०च्या दशकाच्या उत्तरार्धात दोघा भावांनी त्यासाठी जो लगदा शोधला, तो अगदी साध्या वस्तूंचा होता. गारेची बारीक वाळू, खडूची भुकटी आणि जवसाचं तेल. त्यात रंग मिसळायचा, मिश्रण साच्यात जोराने दाबायचं, मग उष्णता देऊन वाळवायचं. जवसाचं तेल हवेतला प्राणवायू घेत घेत घट्ट होतं, म्हणून तर चित्रकार ते रंगात वापरतात. इथे तेच तेल वाळूच्या कणांना धरून ठेवतं. भट्टीत भाजलेली वीट आकसते, वाकडी होते, एकसारख्या मापाची निघत नाही. हा दगड साच्याबाहेर येतो तो साच्याच्याच मापाचा. रंग तीन ठरले. भाजक्या विटेचा तांबडा, वालुकाश्माचा पिवळसर आणि छपरावरच्या पाटीच्या दगडाचा निळा. जर्मन गावातलं कुठलंही जुनं घर डोळ्यांसमोर आणा, हेच तीन रंग दिसतील. गुस्टाफने रंग अंगणातून उचलले होते.

खेळणं उत्तम झालं, पण विकायला जमलं नाही. दोन्ही भावांना वस्तू घडवता येत होती, बाजार घडवता येत नव्हता. १८८० मध्ये त्यांनी सगळे हक्क अवघ्या हजार मार्कांना विकले. गुस्टाफ ऑस्ट्रेलियाला निघून गेला.

विकत घेणारा होता फ्रीड्रिश आडोल्फ रिश्टर. थुरिंगियातल्या रुडोलश्टाट गावात त्याचा कारखाना होता, फ्रोबेलच्या पहिल्या शाळांपासून अगदी जवळ. रिश्टर औषधं विकायचा. दुखऱ्या अंगाला चोळायचं त्याचं ‘पेन एक्स्पेलर’ अटलांटिकच्या दोन्ही काठांवर खपत होतं. त्याच्या गुप्त नुस्ख्यांवरून वैद्यकीय अधिकाऱ्यांशी त्याचे खटके उडत. जाहिरातीवर हात सैल सोडणारा, नाव माणसांच्या डोळ्यांसमोरून हलूच द्यायचं नाही अशा जिद्दीचा हा माणूस. त्याची नांगराची खूण पुढे दगडांच्या खोक्यांवर आली आणि खेळण्याला नाव मिळालं ‘अँकर’.

रिश्टरने या भावांच्या वाट्याचं यश स्वतःच्या खिशात घातलं, हे खरंच आहे. पण दगडांचा किल्ला झाला तोही त्याच्यामुळेच, हे मान्य करायला हवं. तो काळच किल्ल्यांचा होता. १८७१ मध्ये जर्मनी एक झाली, आणि त्याच्या आधीपासूनच लोकांना आपलं जुनेपण डोळ्यांनी बघायचं होतं. थुरिंगियातला वार्टबुर्ग पुन्हा उभारला गेला. होहेनत्सोलर्नचा किल्ला १८६७ मध्ये नव्याने बांधून पुरा झाला. बव्हेरियाच्या राजा लुडविगने नॉयश्वान्श्टाइनचा पाया १८६९ मध्ये घातला, आणि त्याची चित्रं काढून घेतली ती नाटकाचे पडदे रंगवणाऱ्या ख्रिश्चन यांककडून. त्या डोंगरावरच्या शुभ्र भिंतींच्या आतला गाभा विटांचा आहे, वरून फिकट चुनखडकाचं आवरण. मोठी माणसं विटांचे किल्ले रचत होती. मुलांना तेच हवं होतं, जेवणाच्या टेबलावर मावेल एवढं.

रिश्टरने दगडांबरोबर नकाशे द्यायला सुरुवात केली. प्रत्येक खोक्यात एक पुस्तिका. एका पानावर इमारतीचं रंगीत चित्र, पुढच्या पानांवर थरांचे आराखडे. पहिल्या थरात कुठला दगड कुठे, दुसऱ्यात कुठला, असं पायापासून कळसापर्यंत. वाचता न येणाऱ्या मुलालाही ते वाचता येई. दगडांचे आकार शेकड्यांनी वाढले. खांब, कमानी, उतरत्या छपराचे तुकडे, मनोऱ्याचे कोन, चऱ्यांसाठी दातेरी तुकडे.

त्याहून महत्त्वाची युक्ती म्हणजे पुरवणी खोकी. सहा नंबरचं खोकं घरात असेल, तर नाताळला ‘सहा अ’ आणायचं. दोन्ही मिळून नेमकं आठ नंबरचं खोकं तयार होई. आठला ‘आठ अ’ जोडलं की दहा. असं चढत चढत चौतीस नंबरपर्यंत, जिथे दगडांची संख्या हजारांच्या घरात जाई. आठ नंबरवर शहराची वेस उभी राहते, पुढच्या वर्षी तिच्यामागे तटबंदी येते, आणखी काही नाताळांनी बालेकिल्ला. मुलगा वाढे तसा किल्ला वाढे. वडिलांचा खिसा हलका होई हे उघडच, पण पहिल्या वर्षीचा एकही दगड वाया जात नसे. वस्तू जोडत नेण्याची ही शिस्त मला आजही थोर वाटते.

आता जरा जवळून बघू. मोठ्या मापाच्या दगडांचा मूळ ठोकळा अडीच सेंटिमीटरचा, लहान मापाचा दोन सेंटिमीटरचा. किल्ल्याचा बुरूज चढवायचा आहे. पहिला थर टेबलावर. टेबल कणभर कललेलं असेल, तर तो कल विसाव्या थराला बोटभर होऊन दिसतो, म्हणून जाणते लोक आधी टेबलाच्या पायाखाली कागदाची घडी सारतात. दगडाला वर खुंटी नाही, खाली खाच नाही. सांधा वरच्या दगडाच्या मध्यावर आला पाहिजे, नाहीतर भिंतीला उभी फट पडते. वेशीवर कमानीचा दगड टेकताना दोन्ही बाजूंचे खांब नेमके एका उंचीचे हवेत, आणि कमान टेकल्यावर तिच्या दोन्ही खांद्यांवर लगेच भार द्यायला हवा. तोपर्यंत दगड बोटाखाली किंचित डुलतो. भार आला की डुलणं थांबतं. तो क्षण बोटांना कळतो, डोळ्यांना नंतर. मग उरतो तो सर्वांत वरचा चऱ्यांचा थर. इथे श्वास रोखून धरायचा, कारण बाहीचा काठ जरी लागला तरी एका संध्याकाळचं काम खाली येतं. दगड दगडावर ठेवताना होणारा आवाज लाकडाचा नसतो, प्लास्टिकचा तर नाहीच. पाट्याच्या काठाला वरवंटा हलकेच लागावा तसा तो आवाज.

हे वाचताना मराठी माणसाला दोन गोष्टी आठवल्याशिवाय राहणार नाहीत. एक आपली हेमाडपंती देवळं. सिन्नरच्या गोंदेश्वराच्या भिंतीत चुना नाही, तासलेले दगड एकमेकांत बसवत नेले आहेत आणि भारानेच सगळं जागच्या जागी आहे. दुसरी आठवण दिवाळीतल्या किल्ल्याची. आमच्या वाड्याच्या अंगणात सहामाही परीक्षा संपली की त्याच संध्याकाळी फुटक्या विटा, दगड आणि गोणपाट गोळा व्हायचं. वरून चिखलाचा लेप, त्यावर अळीव पेरायचे, तीन-चार दिवसांत हिरवं रान उगवायचं. मातीचे मावळे पायऱ्यांवर, महाराज सिंहासनावर. आमच्या किल्ल्याला माप नव्हतं, तो पाहिलेल्या गडाच्या आठवणीवर उभा राहायचा. तुळशीच्या लग्नापर्यंत खचत खचत जायचा. रुडोलश्टाटचा किल्ला त्याच्या अगदी उलटा. सगळा मापाचा, आणि मोडला तरी काहीच न गमावणारा. दोन्हीकडच्या पोरांचे गुडघे मात्र सारखेच दुखले असतील.

गुस्टाफ १८८५ मध्ये ऑस्ट्रेलियाहून परतला, तेव्हा त्याचे दगड जर्मनीभर घरोघरी पोचले होते आणि त्यांच्यावर त्याचं नाव कुठेच नव्हतं. भावांनी पुन्हा दगडांचं खेळणं काढायचा प्रयत्न केला. रिश्टर कोर्टात गेला, आणि भाऊ हरले. ज्यांनी लगदा शोधला, त्यांनाच तो वापरायची बंदी झाली. या निकालात कायद्याची चूक काढता येत नाही, कारण सही त्यांचीच होती. पण हजार मार्क आणि त्यावर उभी राहिलेली ती प्रचंड कमाई एकमेकांशेजारी ठेवली की मन कष्टी होतं. गुस्टाफने त्यानंतर भोकं पाडलेल्या पट्ट्या जोडून रचना करायचं आणखी एक खेळणं काढलं. तशाच कल्पनेवर पुढे इंग्लंडमध्ये फ्रँक हॉर्नबीचं ‘मेकॅनो’ जगप्रसिद्ध झालं.

ओटोला सावरलं ते त्याच्या बॉयलरच्या कारखान्याने. १८८३ मध्ये काढलेल्या या कारखान्यात त्याने पुढे कामगारांना नफ्यातला चौथा हिस्सा द्यायला सुरुवात केली. त्याच कमाईवर त्याचे पंख तयार झाले. १८९४ मध्ये लिख्टरफेल्डेत त्याने सुमारे पंधरा मीटर उंचीची टेकडी रचून घेतली, आणि ती कशाची होती? शेजारच्या वीटभट्टीच्या खाणीतून निघालेल्या मातीची. त्या टेकडीवरून तो वाऱ्यात उतरायचा, आणि जवळच्याच रस्त्यांवर गुस्टाफचे छोटे किल्ले एकेक करून वर येत होते. ९ ऑगस्ट १८९६ रोजी श्टोएल्न गावाजवळ ओटोचं ग्लायडर कोसळलं, दुसऱ्या दिवशी तो गेला. गुस्टाफ १९३३ पर्यंत जगला. कामगारांना परवडतील अशा घरांची सहकारी संस्था त्याने उभी केली, आणि म्हातारपणीही पंख हलवणाऱ्या विमानाचा नाद त्याला सुटला नाही.

रिश्टरच्या दगडांनी तोवर सीमा ओलांडल्या होत्या. लंडन, न्यूयॉर्क, व्हिएन्ना, सेंट पीटर्सबर्ग, सगळीकडे त्याच्या शाखा. म्युनिकमध्ये वाढणाऱ्या आल्बर्ट आइन्स्टाइनच्या लहानपणाबद्दल त्याच्या बहिणीने लिहून ठेवलं आहे, त्यात या अँकरच्या खोक्याचा उल्लेख आहे. तोच मुलगा पत्त्यांचे बंगलेही चढवायचा, चौदा चौदा मजल्यांचे. एका हाताने दगडाचा भार जोखायचा आणि दुसऱ्याने कागदाचा तोल.

रिश्टर १९१० मध्ये वारला. चार वर्षांनी महायुद्ध पेटलं आणि शाखा एकेक करून तुटल्या. अमेरिकेतला धंदा शत्रूची मालमत्ता म्हणून जप्त झाला. इंग्लंडमध्ये जर्मन खेळणी बंद झाली, तेव्हा वॉटफर्डला ‘लॉट्स ब्रिक्स’ नावाने तशाच कृत्रिम दगडांचं काम सुरू झालं. रिश्टरच्या लगद्याची सात तुकड्यांची कोडी मात्र खंदकांतले सैनिक सोडवत बसत. ज्या मुलांनी टेबलावर बुरूज चढवले होते, त्यांतले कितीतरी आता खऱ्या तोफांसमोर होते. त्यानंतर कारखाना पूर्वीसारखा कधी झाला नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर रुडोलश्टाट पूर्व जर्मनीत गेलं, कारखाना सरकारी झाला, आणि १९६३ मध्ये दगड निघायचे थांबले.

त्याच १९६३ साली डेन्मार्कमधल्या बिलुंड गावात लेगोच्या विटा नव्या, अधिक टिकाऊ प्लास्टिकच्या व्हायला लागल्या. ओले किर्क क्रिस्टियान्सेन या सुताराच्या कारखान्यात १९३० च्या दशकात लाकडी खेळणी होत. दुसऱ्या युद्धानंतर तिथे प्लास्टिकचं यंत्र आलं, इंग्लंडच्या हिलरी पेज याच्या ठोकळ्यांवरून पहिल्या विटा झाल्या, आणि २८ जानेवारी १९५८ रोजी क्रिस्टियान्सेनच्या मुलाने, गॉडफ्रेडने, आतल्या नळ्यांच्या रचनेचं पेटंट मागितलं. खालच्या विटेच्या गुंड्या वरच्या विटेच्या नळ्या आणि भिंती यांच्यामध्ये घट्ट बसतात. ही वीट शेजारणीला धरून ठेवते. १९७८ मध्ये लेगोचा पहिला मोठा किल्ला आला, ७६७ तुकड्यांचा, चौदा शिपायांसह, पूल वर ओढता येणारा, भिंती उघडून आत बघता येणारा. आणि तो होता पिवळाधमक. तो उचलून एका खोलीतून दुसऱ्या खोलीत नेता येतो. अँकरचा किल्ला नेता येत नाही. तो जिथे बांधला तिथेच मोडावा लागतो.

पिवळा किल्ला बाजारात आला त्याच्या पुढच्याच वर्षी, १९७९ मध्ये, नेदरलँड्समध्ये जुन्या अँकर दगडांवर जीव असलेल्या मोठ्या माणसांनी एक मंडळ स्थापन केलं. माळ्यावरची खोकी खाली उतरली. फाटक्या पुस्तिकांच्या प्रती निघाल्या, दगडांच्या याद्या झाल्या, हरवलेले तुकडे एकमेकांना दिले गेले. दोन जर्मनी एक झाल्यावर १९९५ मध्ये रुडोलश्टाटलाच पुन्हा दगड तयार व्हायला लागले. त्याच वाळूचे, खडूचे, जवसाच्या तेलाचे, आणि त्याच मापाचे. आजचा दगड पणजोबांच्या दगडाशेजारी ठेवला तर उंचीत फरक लागत नाही, फक्त रंग थोडा उजळ दिसतो.

किल्ला मोडायचा तोही वरून खाली, बांधला त्याच्या उलट क्रमाने. आधी चऱ्या, मग बुरुजाची टोकं, मग कमानी. खोक्यासोबत एक आराखडा असतो, कुठला दगड कुठल्या थरात, कुठल्या कोपऱ्यात ठेवायचा याचा. तो पाळला नाही, तर शेवटी दोन-तीन दगड हातात उरतात आणि झाकण लागत नाही. जुन्या खोक्यांत कधी कधी एखादी चौकोनी जागा रिकामी सापडते. एखादा निळा दगड कुठल्या तरी घरच्या कपाटाखाली गेला, तो गेलाच. आता रुडोलश्टाटहून तेवढाच एक निळा दगड मागवता येतो. तो त्या जागेत बोटाने दाबून बसवायचा, आणि मग झाकण लावायचं.